फिजीतला ऊस आणि आपला ऊस

मा. संपादक साहेब,

परवा टपरीवर ऊसदरावरून वाद चालला होता, एकजण म्हणाला शेतकऱ्यांच्या पक्षाचं कधी काही होत नाही, म्हणून हे पत्र. प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांच्या देशात नॅशनल फेडरेशन पार्टी नावाचा पक्ष आहे, त्याचं मूळच उसात आहे बघा. १८७९ ते १९१६ मध्ये साठ हजारांवर भारतीय मजूर तिकडं गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधून, नेले, त्यांचीच पोरं पुढं ऊस लावायला लागली आणि ऑस्ट्रेलियन साखर कंपनीशी भावावरून भांडायला लागली. १९६० ला मोठा संप झाला, मग १९६४ ला ए. डी. पटेल नावाच्या गुजराती वकिलानं पक्षच काढला.

पण खरी गंमत १९७७ ची. एप्रिलच्या निवडणुकीत ५२ पैकी २६ जागा, म्हणजे सत्ता हातात आल्यात जमा, आणि ह्यांचं आपसातच नेता कोण यावरून घोळ! तेवढ्यात गव्हर्नर जनरलनी जुन्या पंतप्रधानांनाच परत बसवलं. सप्टेंबरला परत निवडणूक झाली, तोवर पक्षाचे दोन तुकडे, एकाचं चिन्ह कबूतर, दुसऱ्याचं फूल. आपल्याकडं चिन्हाची भांडणं बघून मला तेच आठवतं.

१९८७ ला लेबर पार्टीबरोबर जिंकले, तर महिन्याभरात राबुका नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं बंड करून सरकार पाडलं. आणि २०२२ ला हाच पक्ष त्याच राबुकांच्या सरकारात, वर ह्यांचे बिमन प्रसाद अर्थमंत्री झाले. आता बोला!

एक ऊस उत्पादक, सोलापूर