समुद्रातल्या बोट रेसचा इतिहास रद्दीत चाललाय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, पण शक्य असेल तर कापू नका, कारण या विषयावर मराठी पेपरात मला तरी कधी काही वाचायला मिळालेलं नाही. विषय आहे ऑफशोर पॉवरबोट रेसिंग, म्हणजे तलावात गोल फिरणाऱ्या बोटी नाहीत, उघड्या समुद्रात लाटा फोडत शंभर-दोनशे मैल पळणाऱ्या बोटी. मी करंज्याचा, तीस वर्षं ट्रॉलर आणि लाँचची इंजिनं दुरुस्त केली, आणि हे वेड मला मामाकडून लागलं.

मामा माझगावला एका बोटयार्डात सुतार होता. त्याच्या खोलीत पलंगाखाली एक ट्रंक असायची, त्यात बोटींची ड्रॉइंगं, फोटो आणि बाहेरची इंग्लिश मासिकं. इंग्लिश त्याला वाचता येत नव्हतं, चित्रांसाठी ठेवायचा. तो गेला, खोली खाली करायची होती, आणि मी पोचायच्या आत सगळी ट्रंक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढली. मी धावत दुकानात गेलो तर एक फाटकं पान तेवढं हाताला लागलं. त्यावर एक पांढरी बोट, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पूर्ण पाण्याबाहेर, आत तीन माणसं गुडघे वाकवून उभी, आणि कडेला मामाच्या पेन्सिलीतलं अक्षर, "तळ बघ."

तळ बघ का लिहिलं ते मला फार उशिरा कळलं. आधीच्या वेगवान बोटींचा तळ पुढे टोकदार असायचा पण मागे सपाट होत जायचा, त्यामुळे गुळगुळीत पाण्यात त्या छान पळायच्या आणि लाट आली की ताटासारख्या आपटायच्या, इतक्या की माणसाच्या मणक्याला आणि इंजिनाच्या बोल्टला सारखाच मार. अमेरिकेतला बोट डिझायनर रे हंट याने तो व्ही आकार पार मागच्या टोकापर्यंत तसाच नेला, कोन साधारण २४ अंशांचा, आणि तळाला लांब पट्ट्या दिल्या. ती बोट लाटेवर आपटत नाही, लाट कापत खाली बसते. बोटींचा धंदा करणाऱ्या डिक बर्ट्रामने त्याच्याकडून अशी एक लाकडी बोट बनवून घेतली, तिचं नाव मोपी, बायकोचं लाडाचं नाव. एप्रिल १९६० ला अमेरिकेतल्या मायामी ते बहामा बेटांवरच्या नासाऊ या रेसला समुद्र खवळलेला होता, मोपी आठ तासात पोचली, दुसरी आली ती पण हंटच्याच डिझाइनची, आणि तिसरी बोट पोचली दुसऱ्या दिवशी! आज आपल्याकडे मांडव्याला किंवा गोव्याला ज्या स्पीडबोटी दिसतात त्यातल्या कितीतरींचा तळ त्या एका रेसमधून आलाय, पण बोट चालवणाऱ्या पोराला विचारा, त्याला माहीत नसतं, आणि त्याचा दोष नाही कारण त्याला कोणी सांगितलंच नाही.

आता हे तुम्हालाच का लिहितोय, तर या खेळाची सुरुवात पेपरवाल्यांनी केली आहे. डेली मेलचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १९०३ ला मोटरबोटींसाठी ट्रॉफी ठेवली, पहिली रेस आयर्लंडला कॉर्कच्या बंदरात झाली आणि नेपियर नावाची बोट जिंकली. तिच्या सुकाणूवर डोरोथी लेव्हिट ही तरुणी होती, पण ट्रॉफीवर नाव कोरलं ते बोटीचे मालक सेल्विन एज यांचं. म्हणजे पहिल्याच पानावर चूक, आणि ती दुरुस्त करता येते ती फक्त जुनी कागदपत्रं आणि बातम्या शिल्लक आहेत म्हणून. नंतर १९६१ ला डेली एक्सप्रेसच्या सर मॅक्स एटकेन यांनी इंग्लंडमध्ये काउज ते टॉर्की रेस चालू केली, मायामी-नासाऊ बघूनच, पहिल्या वर्षी टॉमी सॉपविथची थंडरबोल्ट जिंकली.

आणि आता मुंबईचा भाग, ज्यासाठी मी मुळात पेन उचललं. १९६३ ला हीच काउज-टॉर्की रेस जिंकली अ'स्पेरांझिएला या बोटीने, डिझाइन रेनाटो लेव्ही यांचं आणि बोटही तेच चालवत होते. सगळे त्यांना सनी लेव्ही म्हणायचे. लोक त्यांना इटालियन डिझायनर म्हणून ओळखतात, पण ते जन्मले कराचीत, १९२६ ला, आणि इटलीत अँझिओच्या यार्डात जायच्या आधी त्यांचं काम चालायचं आपल्या मुंबईत, घरच्या ॲफ्को या बोटींच्या कंपनीत. वरून पाहिलं तर त्रिकोणी दिसणारी त्यांची ती डेल्टा बोट जगभर गाजली. पुढे त्यांनी सरफ्युरी काढली, दोन इंजिनं एकामागे एक आणि पंखा (प्रोपेलर) मात्र एकच, गार्डनर बंधूंनी तिच्यावर १९६७ ची काउज-टॉर्की मारली. १९८६ ला रिचर्ड ब्रॅन्सन अटलांटिक ओलांडून गेले ती व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर दोन पण लेव्हींचीच. त्यांनी स्वतःच्या कामावर पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच धाऊ आहे, "धाऊज टू डेल्टाज". म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची गलबतं, ज्यांच्या शेजारी माझा मामा रंधा मारायचा. २०१६ ला लेव्ही वारले. मुंबईत किती जणांना कळलं?

हा खेळ जपायला इतका अवघड का आहे तेही सांगतो. क्रिकेटची बॅट कपाटात राहते, रेसची बोट राहत नाही, ती हरली की विकली जाते, नवा मालक इंजिन बदलतो, रंग बदलतो, नाव बदलतो, चार मालकांनंतर ती कुठल्या तरी खाडीत उलटी पडलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो की हिने एकेकाळी काय केलंय. लाकूड कुजतं. फायबर कुजत नाही पण त्याला जागा लागते, आणि धक्क्यावर जागेचं भाडं किती ते आम्हाला विचारा. कागद तर त्याहून वाईट, कारण क्लब बंद पडला, स्पॉन्सर गेला की निकालांची फाइल कोणाच्या तरी घरात आणि मग त्या घरातून रद्दीत. १९६९ ला संपूर्ण ब्रिटनला वळसा घालणारी रेस झाली, ती जिंकली फिनलंडच्या टिमो मॅकिनेनने, जो खरा मोटार रॅलीचा ड्रायव्हर, मोंटे कार्लो रॅली जिंकलेला. रॅलीवाल्यांनी त्याचं सगळं जपलंय, पण त्या बोटीबद्दल वाचायला मिळालं तर शपथ.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. १९८७ ला आईल ऑफ वाइटजवळ कोलिब्री बोट उलटून फॉर्म्युला वनचा जुना ड्रायव्हर डिडिए पिरोनी आणि त्याचे दोन साथीदार गेले, १९९० ला मोनॅकोसमोर वर्ल्ड चॅम्पियन स्टेफानो कासिरागी गेला. त्यानंतर बंद कॉकपिट आणि सेफ्टीकडे लोक गंभीरपणे बघायला लागले. कुठल्या वेगाला, कसल्या लाटेवर बोट उलटली हे लिहून ठेवलेलं असेल तर पुढचा माणूस वाचतो, मी तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली आहेत, एकाची चूक दुसऱ्याला माहीत नसली की काय होतं ते मी बघितलंय.

मार्च २०१७ ला मरिन ड्राइव्हसमोर पॉवरबोट पी-वनची रेस झाली तेव्हा मी कठड्यावर उभा होतो, लोकांनी गर्दी केली होती, मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, मस्त वाटलं. आता त्यातले किती व्हिडिओ उरले असतील, फोन बदलले, मेमरी फुल झाली, डिलीट.

म्हणून माझी विनंती आहे की तुम्ही पेपरात एक आवाहन छापावं. माझगाव, रे रोड, शिवडी, उरण, अलिबाग, रत्नागिरी, जिथे जिथे १९५० ते ७० च्या दरम्यान कोणाचे वडील, आजोबा, काका बोटयार्डात सुतार, फिटर, पेंटर होते त्यांनी ट्रंका उघडाव्यात. ड्रॉइंग असेल, टेम्पलेट असेल, पगाराची चिठ्ठी असेल, फोटो असेल तर फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, जागा, साल लिहावं आणि निदान मोबाइलवर फोटो काढून दोन जणांकडे ठेवावा. ॲफ्कोमध्ये काम केलेलं कोणी हयात असेल, आता नव्वदीचं असेल, तर त्यांच्याशी आजच बोलायला हवं, दिवाळीनंतर बघू असं नको. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ ला मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी काढली, अशा संस्थेने हे काम हातात घेतलं तर माझ्यासारखे दहा जण फुकट राबायला तयार आहेत, सामान उचलायला, इंजिन ओळखायला, जुन्या लोकांची घरं शोधायला.

मामाचं ते पान मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय. बोट कुठली, साल कुठलं, ते फाटलेल्या भागावर गेलं. तुम्ही फोटो छापणार असाल तर मी स्वतः ऑफिसात घेऊन येतो, कोणीतरी वाचक ती बोट ओळखेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बोट मेकॅनिक, करंजा (उरण)