उबेराबाहून, जामिनापायी

उबेराबा, मिनास जेराइस, ब्राझील
१४ जून

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून एक ओळ नाही, शिव्या मान्य. तब्येत ठीक, गुडघा जैसे थे. खरं कारण ऐक: मला जामीनदार हवाय. हास, पोटभर हास.

इथला भाडेकरार बहुधा तीस महिन्यांचा. हमीच्या नेहमीच्या वाटा तीन. अनामत कायद्याने फार तर तीन भाडी, तीही बचत खात्यात, व्याज आपलं. विम्याचा हप्ता गेला तो गेला. नाहीतर ‘फियादोर’, म्हणजे जामीनदार, तू जे व्हायला नकार दिलास ते. १९९१ च्या कायद्याप्रमाणे एका करारात हमी एकच मागता येते. एजंट मात्र अनामत आणि फियादोर दोन्ही मागत होता. कलम ३७ पुढे केल्यावर अनामत गुपचूप गळाली.

ऑफिसातले एक काका आपणहून तयार झालेत. घर एकच, राहतं. काकूंची सही लागते, नसली तर जामीन पोकळ. आणि मेख पुढेच आहे: एरवी बहुतेक देण्यांपायी राहतं घर जप्त होत नाही, भाड्याच्या जामिनापायी मात्र होतं. म्हणजे भाडं मी थकवायचं आणि छप्पर काकांचं जायचं. पतसंस्थेच्या फॉर्मवर तू सही केली नाहीस म्हणून मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझ्याकडेही तेव्हा एकच घर होतं, आणि त्यात आई.

या गावाची श्रीमंती आपल्याकडच्या गुरांवर उभी आहे. गीरला ‘जीर’ म्हणतात, ओंगोलचं ‘नेलोरे’ झालं. त्यांना कुणी जामीन मागितला नसणार.

चिमीचं लग्न ठरलं, अभिनंदन. पुतण्या येणार असेल तर सांग: घर, सिमकार्ड, बँक, सगळीकडे आधी सीपीएफ, म्हणजे इथला करदात्याचा नंबर, मागतात. तात्पुरत्या वास्तव्याच्या व्हिसावर आला की ९० दिवसांत फेडरल पोलिसांकडे नोंदणी. मिक्सर आणलाच तर इथल्या १२७ व्होल्टवर तो नुसता कण्हतो. वहिनींच्या मिक्सरसाठी इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज घेऊन २२० चा पॉइंट काढला, तेव्हा कुठे चटणी वाटली गेली. आपली पिनही बसत नाही, बदलावी लागते.

शनिवारी सही आहे. विमा घेतला तर वर्षाला जवळपास दीड भाडं पाण्यात. काका म्हणतात, कशाला खर्च? तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. तरी लिही.

तुझाच,
दिन्या