मंडळ कधीच बंद पडले नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचा इतिहास कालच्या रविवार पुरवणीत वाचला. अर्धे पान दिलेत, फोटोही मोठा छापलात, याबद्दल आभार. पण 'मधल्या काळात मंडळ बंद पडले होते, नव्या समितीने ते पुन्हा उभे केले' हे वाक्य मी तीन वेळा वाचले आणि रात्री नीट झोप लागली नाही.

मंडळ बंद पडले नव्हते. ही मी ऐकलेली गोष्ट सांगत नाही, मी तिथे होतो.

ज्याला तुमचे वार्ताहर मधला काळ म्हणतात तो आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला खाणींचा भराचा काळ. वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, निम्मे पुरुष खाणीवर पाळीला, काही बार्जवर. खनिज भरून मांडवी नदीतून मुरगाव बंदराला जायचे, ते चार-चार दिवस घरी नसायचे. घरात पगार आला, पण चौकातले आवाज कमी झाले. मंडळाच्या बैठका झाल्या नाहीत, हिशेबाची वही कोरी राहिली, हे सगळे खरे. वार्ताहरांना ती कोरी वही दाखवली गेली आणि वही कोरी म्हणजे देवळाचा चौकही रिकामा, असे ते धरून चालले. गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारले असते तरी पुरे होते.

मी तेव्हा सहावीत होतो. श्रावणातला सप्ताह, म्हणजे खंड न पडता रात्रंदिवस चालणारे भजन, आणि रात्री बारा ते तीनचा पहारा, म्हणजे गायची पाळी, आमच्या वाड्याची. पाऊस असा की संध्याकाळीच साकवावरून, ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जाऊ लागले. वीज गेली होती. चौकात समईचा तेवढा उजेड. पेटीवर माझे वडील, पखवाजावर शेजारचे काका, ज्यांची सकाळी सहाची पाळी होती, झांज माझ्या हातात आणि आमच्या वाड्याची गुरे राखणारा एक काका. एवढे चारच जण. अडीचच्या सुमारास वडिलांचा आवाज पूर्ण बसला. तीनला ज्यांचा पहारा सुरू व्हायचा ते पलीकडच्या वाड्यावरचे, साकवापलीकडे अडकलेले. सप्ताह खंडित होणार म्हणून मला रडू येत होते.

तेव्हा त्या गुराखी काकाने अभंग धरला. त्याला अक्षरओळख नव्हती. इतकी वर्षे तो मागच्या ओळीत बसून नुसती झील धरायचा, म्हणजे पुढच्यांची ओळ मागून म्हणायचा, पुढे बसायला त्याला कुणी कधी बोलावले नव्हते. त्या रात्री तो एकामागून एक अभंग म्हणत गेला, एकही चरण न चुकता, आणि वडील डोळे मिटून पेटीवर त्याच्या मागे जात राहिले. चारच्या पुढे माझी आई आणि शेजारच्या दोघी कंदील आणि कोऱ्या चहाची किटली घेऊन आल्या. बायकांनी चौकात बसायची तेव्हा रीत नव्हती, त्या खांबाशी थांबल्या. वडिलांनी काही न बोलता बाजूला सरकून जागा केली. सकाळी पाणी उतरून पलीकडचे लोक येईपर्यंत त्या तिघींनी आणि काकाने सप्ताह सांभाळला. पखवाजवाले काका त्याआधीच, पावणेसहाला, उठून तसेच खाणीवर गेले. त्यानंतर पखवाज नव्हता, नुसती झांज होती.

म्हणूनच लेखातले दुसरे वाक्यही मला मान्य नाही, की गावात बायकांचे भजन स्पर्धेसाठी पथक काढल्यावर सुरू झाले. गोव्याची कला अकादमी भजनी कलाकार मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने भजन स्पर्धा घेते, तिने बायकांना आणि मुलांना मंच दिला, त्याचा मला आदर आहे. माझी नातही त्यात गायली आहे. पण मंच मिळाला म्हणून गळा आला नाही. गळा आधीच होता.

आणि गोव्यात भजन १९६१ नंतर, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर, रुजले, असे सुरुवातीलाच कशाच्या आधारावर लिहिले आहे? गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ अंबिये अठराव्या शतकातले. त्यांची पदे माझ्या आजोबांना पोर्तुगिजांच्या अमलातच पाठ होती. वास्कोचा दामोदर सप्ताह प्लेगच्या साथीमुळे सुरू झाला, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. हे तुमच्याच वृत्तपत्रात दर श्रावणात छापून येते.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. नव्या समितीने मंडळाला पैसा आणला, चौकाला फरशी आणली, ते चांगलेच झाले. पण गेली दोन वर्षे आमच्याकडे मध्यरात्रीच्या पहाऱ्याला माणसे कमी पडली की पेनड्राइव्ह लावून कर्ण्यावर भजन सोडतात. कोणी प्रसिद्ध बुवा गातो, चौक मोकळा असतो, समईजवळ एक मुलगा मोबाइल पाहत बसलेला असतो. अखंड सप्ताह म्हणजे माणसाचा आवाज अखंड. दोनच जण असतील तर दोघांनी गावे, आवाज फाटला तरी चालेल. बंद पडणे म्हणतात ते याला, आणि यावर लेखात एक ओळही नाही.

दुरुस्ती छापावी ही विनंती. गुराखी काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली, पखवाजवाले काकाही गेले. त्या पहाटे आलेल्या तिघींपैकी आता माझी आईच उरली आहे. तिने ऐंशी ओलांडली आहे, पण त्या रात्रीचे अभंग तिला अजून क्रमाने आठवतात. वार्ताहरांनी एकदा घरी यावे. सकाळी आठनंतर ती सोप्यावरच बसलेली असते.

आपला,
एक जुना झांजवाला
डिचोली तालुका