दोंडाईच्याची जाळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोटाच्या शस्त्रक्रियांमधील संशोधनावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात अमेरिका आहे, जर्मनी आहे, रोबोट आहे. धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा मात्र कुठेच नाही, म्हणून लिहिते आहे.

मी शहाद्याजवळ एका खासगी दवाखान्यात 31 वर्षे ओटी सिस्टर (ऑपरेशन थिएटरची परिचारिका) होते. अंतर्गळाचे (हर्नियाचे) पेशंट आमच्याकडे फार. मार्केटचे हमाल, ऊसतोडवाले, सातपुड्यातून उतरलेले पावरा शेतकरी. ‘आतडं उतरतं’ म्हणायचे आणि लंगोट आवळून वर्षानुवर्षे काढायचे. जुन्या पद्धतीत स्नायू ओढून एकमेकांना शिवत. त्या ताणलेल्या टाक्यांवर माणूस पुन्हा पोती उचलू लागला की काहींची गाठ परत येई. स्नायू ओढण्याऐवजी त्या जागी कृत्रिम जाळी बसवली तर ताण राहत नाही, हे सगळ्या सर्जनना ठाऊक होते. पण कंपनीची जाळी हजारांत जायची. ती किंमत ऐकून पेशंट उठून गेलेले मी पाहिले आहेत.

दोंडाईच्याचे जनरल सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी नव्वदच्या दशकात मच्छरदाणीचे कापड हाती घेतले. विकतची जाळी पॉलिप्रॉपिलीनची, आणि हे कापड पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच्या एकाच कुळातले. (औषध मारलेली मच्छरदाणी नव्हे, साधे कापड. कोणी गैरसमज करून घेऊ नये.) ते निर्जंतुक करून त्यांनी वापरले. एवढ्यावर ते थांबले असते तर ती गरिबांसाठीची सोय ठरली असती. त्यांनी आपल्यासारख्याच इतर सर्जनना सोबत घेतले, नोंदी एकत्र केल्या आणि 2003 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त 359 अंतर्गळांचा अनुभव छापला. मला मोठेपण वाटते ते या नोंदींचे. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशने, रात्री अडलेले बाळंतपण, हाताखाली शिकाऊ डॉक्टर नाही, अनुदान नाही, आणि त्यातून हे.

पुढे युगांडातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्वीडिश आणि युगांडाच्या डॉक्टरांनी 302 पुरुषांवर रीतसर तुलना केली. अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची. वर्षभराने मच्छरदाणीच्या गटात एकाचाच अंतर्गळ परत आला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. किंमत मात्र एक डॉलर आणि सुमारे 125 डॉलर. हे 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आमच्या दवाखान्याच्या सर्जनांनी, म्हणजे सरांनी, तो अंक ओटीत सगळ्यांना वाचून दाखवला होता, वॉर्डबॉय मामांनासुद्धा.

आमच्या सरांनी ही जाळी 2004 च्या सुमारास सुरू केली. तुकडे मी कापायचे. धुऊन, दुहेरी कापडात गुंडाळून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) लावायचे. उष्णता 121 अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर जाळी आकसते. पहिल्या खेपेला माझे चार तुकडे आकसले होते, सर काही बोलले नाहीत. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाला जवाबी कार्ड द्यायचो. सहा महिन्यांनी ते कोणाकडून तरी लिहून यायचे, बहुधा शाळेच्या गुरुजींकडून. आलेले उत्तर मी वहीत उतरवायचे.

सर गेले. दवाखाना विकला गेला. खोली रिकामी करताना त्या वह्या रद्दीत निघाल्या. मी पोचेपर्यंत बऱ्याच गेल्या होत्या, दोनच मिळाल्या. आमचे पेशंट त्या 359 मध्ये नाहीत. ते आता कशातच नाहीत. तालुक्याच्या गावी असे किती सर्जन आयुष्यभर काम करून गेले आणि त्यांच्या वह्या किलोवर गेल्या, याचा विचार आला की झोप लागत नाही. धुळ्याच्या किंवा नाशिकच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना दोंडाईच्याच्या कामाबद्दल शिकवावे, आणि निवृत्त होणाऱ्या खेड्यातल्या सर्जनांची रजिस्टरे कोणीतरी मागून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. पेशंटची नावे झाकून नोंदी वापरता येतील.

माझ्याकडच्या दोन वह्या कपाटात नीट ठेवल्या आहेत. त्यातल्या एका पानावर तोरणमाळकडच्या एका माणसाचे उत्तर आहे: ‘गाठ नाही. दुखत नाही. ज्वारीचं पोतं उचलतो.’ कोणा डॉक्टरला त्या पाहायच्या असतील तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

– एक निवृत्त परिचारिका, शहादा (जि. नंदुरबार)