मडकी विकणारीचा आवाज

दादर, मुंबई

प्रिय मंदे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. आता शिव्या घालून मोकळी हो आणि पुढे वाच.

अण्णांचा ग्रामोफोन दुरुस्तीला दिला होता ना? पैसे घेतले, स्प्रिंग बदलली म्हणाले, आणि महिन्याभरात पुन्हा तीच रड. असो. त्या नादात जुन्या तबकड्यांबद्दल वाचत बसले आणि एक बाई सापडली. सीती बिन्ती साद, गायिका, पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरची. 1928 साली ही बाई आपल्या वादकांना घेऊन बोटीने मुंबईत आली आणि एचएमव्हीसाठी स्वाहिलीत, म्हणजे तिकडच्या लोकांच्या भाषेत गायली. आपल्या मुंबईत! आणि आपल्याला पत्ताच नाही.

तिचा जन्म 1880 च्या सुमाराचा, फुंबा नावाच्या खेड्यातला. आईबाप गुलामीतून आलेले. पोरीचं नाव काय ठेवलं होतं माहितेय? म्तुम्वा. म्हणजे गुलाम. मडकी डोक्यावर घेऊन ती गावोगाव विकायची, गात गात. आपल्याकडे भाजीवालीची हाक गल्लीच्या टोकावरून ओळखू येते बघ, तसं तिच्या आवाजावरूनच बायका बाहेर येत असणार. 1911 मध्ये ती शहरात आली, रीतसर गाणं शिकली. ‘सीती’, म्हणजे बाईसाहेब, हे नाव तिला मागाहून मिळालं.

तोवर तिकडचं ताराब संगीत म्हणजे सुलतानाच्या दरबारातलं, अरबीतलं. ऊद नावाचं तंतुवाद्य, व्हायोलिन सगळं तेच ठेवून हिने ते स्वाहिलीत आणलं, म्हणजे ज्यांना अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांच्या घरात. ‘किजिती’ नावाचं तिचं एक गाणं आहे. एका बाईचा खून होतो, खुनी पळून जातो आणि कोर्टात भरडल्या जातात त्या दुसऱ्याच बायका. मी अर्थ वाचला आणि चहा तसाच गार झाला. गोऱ्या साहेबाच्या राज्यात, खुन्याचं नाव घेऊन, हे गायची ती!

विरोधकांनी तिच्या जातकुळीवरून, रूपावरून टोमण्यांची गाणी रचली. हिने गाण्यातच परतफेड केली: रूप नि कूळ कसलं बघता, अक्कल बघा. जात्यावर बसून असंच सुनावणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या.

रात्र रात्र चालणारं गाणं तबकडीच्या तीन मिनिटांत बसवताना काय कापलं असेल तिने? खरखरीतून आवाज येतो, मागे व्हायोलिन, आणि ती श्वास घेते तो ऐकू येतो. मी तेवढाच तुकडा चारदा ऐकला. पूर्व आफ्रिकेत त्या तबकड्या हजारोंनी खपल्या. 1950 मध्ये ती गेली. पुढे झांझिबारचीच गायिका बी किदुदे तिची गाणी म्हाताऱ्या, भरड्या आवाजात गात राहिली. तीही ऐक, पण आधी हिला.

दिवाळीत येशील तेव्हा दोघी मिळून ऐकू. हिची तबकडी काही आपल्याकडे नाही आणि ग्रामोफोन तर रुसलेलाच आहे, तेव्हा मोबाइलवरच. येताना चकलीची भाजणी आण, माझी यंदा करपली.

तुझी,
नीला