सूर्याच्या अंतरंगातील लोखंड मोजण्यासाठी : विज्ञान राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री, भारत सरकार, यांस,

सादर नमस्कार.

आदित्य-एल१ यानावरून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने साकारलेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याची अतिनील छायाचित्रे घेते, याचा आम्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना अभिमान आहे. मात्र सूर्याच्या अंतर्भागातील लोखंड किरणांना किती अडवते, हा मोठा प्रश्न प्रयोगशाळेतच सुटायचा आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या दाट प्लाझ्माच्या (आयन व सुट्या इलेक्ट्रॉनांच्या अतितप्त वायूच्या) वर्णपटशास्त्राकडे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार विश्लेषणाकडे, आपले लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या ‘झेड’ यंत्रात साठवलेली वीज सुमारे १०० नॅनोसेकंदांत सोडली जाते. सुमारे २.६ कोटी अँपिअरच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र टंगस्टनच्या तारांचा पिंजरा आत चेपते आणि त्यातून निघणारे क्ष-किरण लोखंड व मॅग्नेशियमच्या पातळ नमुन्याला सुमारे २० लाख केल्विनपर्यंत तापवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत लोखंडाची अपारदर्शकता (किरण अडवण्याची क्षमता), तरंगलांबीनुसार, सैद्धांतिक गणितापेक्षा ३० ते ४०० टक्क्यांनी अधिक आढळली. सूर्याची गणिती प्रतिमाने आणि सूर्याच्या कंपनांची निरीक्षणे एकमेकांशी जुळत नाहीत; ती जुळण्यासाठी अपारदर्शकतेत जेवढी वाढ लागते, तिच्या जवळपास निम्मी यातून मिळते.

नमुना त्याच शॉटमध्ये, म्हणजे विजेच्या एकाच स्पंदात, नष्ट होत असल्याने त्याची अवस्था वर्णपटावरूनच ठरवावी लागते. मॅग्नेशियमच्या वर्णरेषांच्या सापेक्ष तीव्रतेवरून तापमान कळते, तर भोवतीच्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या विद्युतक्षेत्रामुळे रेषा किती रुंदावल्या यावरून घनता. तापमान, घनता आणि आयनीभवन यांचा संबंध मेघनाद साहांनी १९२० मध्येच मांडला होता. परंतु दाट प्लाझ्मात रेषा आयनांच्या गतीमुळेही रुंदावते, आणि प्रकाश बाहेर पडण्यापूर्वी पुन्हा शोषला गेल्यामुळेही. म्हणून ही कारणे वेगळी करण्यातच खरे कौशल्य लागते. चुंबकीय क्षेत्रामुळे होणारे रेषेचे विभाजन तर या रुंदीत पार बुडून जाते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी अशा वेळी एकाच गटातील दोन रेषांच्या रुंदीची तुलना केली, कारण घनता व गती यांचा परिणाम दोन्हींवर सारखा होतो, चुंबकीय क्षेत्राचा मात्र वेगवेगळा. मला ही या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते, आणि ती अणुभौतिकीच्या सखोल जाणकारीतून सुचलेली आहे.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘काली’ मालिकेतील यंत्रांपासून पल्स्ड पॉवरचे, म्हणजे साठवलेली वीज क्षणार्धात सोडण्याचे, तंत्र स्वबळावर जोपासले आहे. त्यातील काही काम गोपनीय राहणार, हे आम्ही समजतो. तरीही मूलभूत मापनांसाठी मध्यम क्षमतेचे एक यंत्र विद्यापीठांना नियमितपणे, जाहीर अर्ज मागवून उपलब्ध व्हावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी ‘झेड’एवढे यंत्र लागत नाही, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ‘मॅगपाय’ सुमारे १४ लाख अँपिअरचेच आहे आणि त्यावर विद्यार्थी पीएच.डी.चे संशोधन करतात.

यंत्राबरोबरच अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने वर्णपटमापी, त्यांचे काटेकोर अंशशोधन (कॅलिब्रेशन) आणि अणूंची गणिते करणारे संशोधक यांसाठी दीर्घ मुदतीचा निधी द्यावा. अंशशोधनावरचा खर्च अहवालात ठळक दिसत नाही, म्हणून तो आधी कापला जाण्याची भीती असते. तो स्वतंत्र शीर्षाखाली राखून ठेवावा आणि प्रत्येक शॉटची मूळ नोंद अभ्यासकांना खुली असावी.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, पुणे