आरोग्यमंत्री साहेब, एडीएचडी मोठ्यांनाही असतो

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

नमस्कार साहेब,

मी बोरिवलीहून रोज लोअर परळला नोकरीला जाणारी बाई, मला एडीएचडी आहे, म्हणजे लहानपणापासूनच लक्ष एका जागी टिकत नाही, कामं विसरतात, काहींना स्वस्थ बसवत नाही, आणि हे तिशी उलटल्यावर कळलं. वर्गात दंगा करणारा मुलगा निदान कुणाच्या तरी नजरेत येतो, गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला 'हुशार आहे पण धांदरट' म्हणून सोडून देतात.

आता अडचण बघा. मोठ्यांचं निदान करताना लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का ते बघावं लागतं, म्हणून डॉक्टर म्हणतात आईवडिलांना घेऊन या. आणि नेमकं त्यांनाच सांगायची सोय नसते! 'आमच्या मुलीला काही झालेलं नाही, मोबाईल कमी कर' हे घरचं उत्तर ठरलेलं, वर लग्नाचं बघत असतील तर विषयच संपला. कितीतरी जण इथूनच मागे फिरतात.

औषधाचं वेगळंच. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक केमिस्टने दोन वर्षं जपून ठेवायची, शिवाय ते विकायला वेगळं लायसन्स. नियमाला माझी हरकत नाही, गैरवापर होतो हे खरंय. पण त्यामुळे बरेच केमिस्ट ते ठेवतच नाहीत, आणि एका दुकानात तर प्रिस्क्रिप्शन वाचून काउंटरवरच्या माणसाने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारलं, हे तुम्हाला स्वतःला लागतं का? बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला असं कोण विचारतं का? केमिस्टवर देखरेख ठेवणारं एफडीए तुमच्या खात्यात नाही हे माहितीये, पण मंत्री एकमेकांशी बोलत असतीलच की.

ऑफिसात तर सांगायचीच चोरी. ओळखीतल्या एकाने मॅनेजरला सांगितलं, मागितलं काय तर मीटिंगनंतर कामं ईमेलवर लिहून द्या आणि हेडफोन लावू द्या, झालं. पुढच्या मोठ्या प्रोजेक्टमधून नाव कट, कारण म्हणे त्याला प्रेशर झेपणार नाही. दाद मागायला गेलं तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं नाव नाही. यादी वाढवणं केंद्राच्या हातात आहे पण राज्याने लेखी मागणी करायला काय हरकत आहे, आणि तोपर्यंत निदान सरकारी ऑफिसांना एक परिपत्रक काढा की असं कुणी सांगितलं तर त्याच्या कामाचं मोजमाप कामावरूनच करायचं.

अजून एक, आणि हे सगळ्यात सोपंय. सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी मुख्यतः सकाळीच असते, रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणजे रजा आली, रजा आली की कारण आलं. मी स्वतः दाताची ट्रीटमेंट चालू आहे असं सांगते, आता त्यालाही लोक हसायला लागलेत. महापालिकेशी बोलून आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळची ओपीडी सुरू करा, मोठ्यांचा एडीएचडी तपासता येणारे डॉक्टर तिथे बसवा, आणि बाहेरच्या बोर्डावर आजाराचं नाव न लिहिता नुसता खोली नंबर लिहा.

आपली,
बोरिवलीची एक मतदार